कॅम्पसच्या पॉवरहाऊसमध्ये गॅस आणि तेल: टाकीतलं इंधन खरंच तयार आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साखर कारखान्याच्या को-जनमध्ये (एकाच इंधनातून वीज आणि वाफ दोन्ही करणाऱ्या विभागात) तीन वर्षं काम केलेला एक मुलगा आता अमेरिकेच्या ईशान्य भागात एम.एस. करतोय. विद्यापीठाच्याच पॉवर प्लांटमध्ये त्याला साहाय्यकाचं काम मिळतंय. प्लांट नैसर्गिक वायूवर चालतो, शिवाय आवारात तेलाच्या टाक्याही आहेत. दोन इंधनं कशाला, गॅसवरून तेलावर जाताना नेमकं काय करतात आणि नवख्याने कुठे डोळा ठेवावा, हे त्याला समजून घ्यायचंय.

को-जन केलंय म्हणजे अर्धी वाट चालून झाली आहे, फक्त क्रम उलटा करून घ्या. कारखान्यात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, बॉयलर पेटतो, वाफ आधी टर्बाइनमधून जाते आणि दाब उतरलेल्या वाफेवर रस उकळतो. कॅम्पसवर आधी गॅस टर्बाइन फिरतं, जनरेटर वीज देतो आणि टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या वायूवर पुढचा बॉयलर वाफ करतो. त्या बॉयलरला सगळे एचआरएसजी म्हणतात. ती वाफ जमिनीखालच्या बोगद्यांतून वसतिगृहं, प्रयोगशाळा, भोजनगृहं अशी सगळीकडे जाते आणि तिचं कंडेन्सेट, म्हणजे थंड होऊन झालेलं पाणी, परत येतं. जोडीला दोन-तीन साधे बॉयलर असतात, टर्बाइन बंद असताना किंवा कडाक्याच्या थंडीत लागणारे.

दोन्हीकडे मालक वाफच. तिकडे वाफ थांबली की गाळप थांबतं. इकडे जानेवारीत वाफ थांबली की हवा तापवणाऱ्या कॉइलमधलं पाणी गोठतं, कॉइल फुटतात आणि इमारत पुन्हा गरम झाल्यावर मजल्यामजल्यावर पाणी वाहतं. वीज ग्रिडकडून विकत घेता येते, वाफ विकत देणारं शेजारी कोणी नसतं. या प्लांटमधला जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवरून समजतो.

डोळ्यांसमोर एक खरा प्लांट असलेला बरा, म्हणून न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा घेऊ. तिथे १९९६ पासून जीई कंपनीचं एलएम १६०० हे सुमारे १५ मेगावॅटचं टर्बाइन आहे. हे मूळ विमानाचं इंजिन. ते एफ ४०४ इंजिनावरून जमिनीवरच्या कामासाठी बेतलेलं आहे, आणि त्याच एफ ४०४ घराण्यातलं इंजिन आपल्या तेजस विमानात आहे. मुख्य इंधन नैसर्गिक वायू, राखीव इंधन डिझेल. २००५ मध्ये तिथे सुमारे २६ लाख गॅलनची, म्हणजे जवळजवळ एक कोटी लिटरची, थंड पाण्याची टाकी बांधली. रात्री स्वस्त विजेवर पाणी गार करून ठेवायचं आणि दुपारी इमारतींच्या वातानुकूलनाला वापरायचं. ग्रिडच्या तासातासाच्या दरावरून वीज स्वतः करायची की विकत घ्यायची हे ठरतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यू जर्सीतली वीज मोठ्या भागात गेली, तेव्हा या प्लांटने ग्रिडपासून वेगळं होऊन कॅम्पसचा आवश्यक भार सांभाळला.

दोन इंधनं कशासाठी

गॅसची पाइपलाइन आखूड कपड्यासारखी असते, इकडे ओढली की तिकडे उघडं पडतं. ईशान्य अमेरिकेत घरं तापवायला गॅस लागतो आणि वीजकेंद्रांनाही तोच लागतो. उणे १५ अंशांच्या रात्री दोघांची मागणी एकदम चढते. गॅस कंपन्या मोठ्या ग्राहकांना दोन प्रकारचे करार देतात. एकात पुरवठा पक्का आणि दर जास्त. दुसऱ्यात दर कमी, पण कंपनीने सांगितलं की ठरलेल्या वेळेत गॅस बंद करायचा. दुसरा करार परवडायचा असेल तर दुसरं इंधन हवंच, आणि बऱ्याच विद्यापीठांनी याच हिशेबाने टाक्या बांधल्या. ज्यांचा करार पक्का आहे तेही तेल ठेवतात, कारण वाहिनी फुटणं किंवा कंप्रेसर स्टेशन बंद पडणं कोणत्याच करारात थांबत नाही.

हे कागदी भय नाही. ७ जानेवारी २०१४ च्या थंडीत पूर्व अमेरिकेतल्या पीजेएम या ग्रिडमध्ये वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी २२ टक्के क्षमता अचानक बंद होती, सुमारे ४०,००० मेगावॅट. काही संच गॅस न मिळाल्यामुळे बसले, पण बरेचसे यंत्रं थंडीत न चालल्यामुळे. गोठलेल्या सेन्सर लाइन, न उघडणारे व्हॉल्व्ह, घट्ट झालेलं तेल. इंधन आवारात होतं, पण ज्योतीपर्यंत पोचलं नाही. माझं या सगळ्या उत्तरातलं म्हणणं एवढंच आहे: टाकीत तेल असणं आणि तेलावर चालता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट मिळवायला वर्षभर हात चालवावा लागतो.

आकडे पाठ करून ठेवा

एक घनमीटर नैसर्गिक वायूत साधारण ३८ मेगाज्यूल उष्णता असते. एक लिटर डिझेलमध्येही जवळपास तेवढीच. म्हणजे गॅसच्या मीटरवर ताशी जितके घनमीटर दिसतात, तितके लिटर तेल ताशी लागणार, असा अंदाज उभ्या उभ्या करता येतो. १५ मेगावॅटच्या टर्बाइनची कार्यक्षमता ३५-३६ टक्के धरली तर पूर्ण भारावर ते ताशी ४,२०० लिटरच्या आसपास डिझेल खातं. साध्या बॉयलरमध्ये एक टन वाफेला ७० ते ७५ लिटर. टर्बाइन पूर्ण भारावर आणि बॉयलरची ४० टन वाफ धरली, तर ताशी सुमारे ७,००० लिटर, दिवसाला पावणेदोन लाख लिटरच्या घरात. अमेरिकेतला रस्त्यावरचा टँकर साधारण २८ ते ३० हजार लिटर आणतो. म्हणजे दिवसाला सहा टँकर, तेही बर्फाने रस्ते अडलेले असताना आणि आजूबाजूचं प्रत्येक हॉस्पिटल त्याच पुरवठादाराला फोन करत असताना. टाकी किती दिवसांची आहे हे विचारलंत तर क्षमता सांगतील. तुम्ही आजचा डिप (टाकीतल्या तेलाची मोजलेली पातळी), खाली शोषता न येणारा थर आणि या हवामानातला ताशी खप घेऊन स्वतः भागाकार करा.

यात दोन छुप्या अडचणी असतात, आणि नवा माणूस त्या हमखास विसरतो.

पहिली म्हणजे डक्ट बर्नर. टर्बाइनच्या धुरात अजून १५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन शिल्लक असतो, म्हणून एचआरएसजीच्या आधी जादा बर्नर लावून वाफ दुपटी-तिपटीने वाढवता येते. हे बर्नर बहुतेक ठिकाणी फक्त गॅसवर चालतात. टर्बाइन तेलावर गेलं की वीज तेवढीच राहते, पण डक्ट बर्नर विझतात आणि अशा टर्बाइनमागे एचआरएसजीची वाफ २० टनांच्या आसपास उतरते. वीज ठीक दिसते म्हणून पॅनेलसमोरचा माणूस निर्धास्त असतो आणि हेडरचा, म्हणजे सगळ्या बॉयलरची वाफ एकत्र येते त्या मुख्य नळीचा, दाब मात्र घसरत जातो. म्हणून टर्बाइन तेलावर नेण्याआधी एक साधा बॉयलर तेलावर पेटवून, गरम करून, हेडरला जोडलेला असला पाहिजे.

दुसरी म्हणजे पाणी. तेलाची ज्योत जास्त तापते, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, आणि ते आवरायला बऱ्याच टर्बाइनमध्ये ज्वलनकक्षात खनिजमुक्त (डीएम) पाणी फवारतात. प्रमाण साधारण इंधनाच्या वजनाइतकं. म्हणजे वरच्या टर्बाइनला ताशी तीन टनांहून जास्त डीएम पाणी. गॅसवर असताना एवढं पाणी लागत नसेल तर डीएम प्लांट लहान असतो आणि तेल संपण्याआधी पाणी संपतं. इंधनाच्या डिपबरोबर डीएम टाकीची पातळी वहीत लिहायची सवय लावून घ्या.

बॉयलर गॅसवरून तेलावर नेताना

बॉयलरच्या बर्नरमध्ये गॅसचं कडं किंवा काठ्या बाहेरच्या बाजूला असतात आणि मधोमध नळीत तेल फवारणारी ऑइल गन बसते. गॅसवर चालताना गन बाहेर काढून किंवा मागे ओढून ठेवतात. आत राहिली तर टोक भट्टीच्या धगीने भाजतं आणि नळीत उरलेलं तेल जळून तिथेच कोळसा होतो.

हे टोक हातात घेऊन बघा. अंगठ्याएवढा पोलादी तुकडा, त्याला गोलाकार सहा-आठ बारीक भोकं, आत वाफेचे आणि तेलाचे वेगळे मार्ग. एका भोकाच्या काठावर मोहरीएवढा कार्बन बसला तरी त्या भोकातला फवारा वाकडा जातो. ज्योत एका बाजूला झुकते, भट्टीच्या भिंतीला चाटते आणि तिथे काजळीचा काळा पट्टा उमटतो. टोक साफ करायला पितळी ब्रश आणि डिझेल वापरा. पोलादी तारेने भोकं उकरली तर ती मोठी आणि लंबगोल होतात आणि मग ती टिप कधीच नीट फवारत नाही. टिप आणि नळी यांच्यामधली गॅस्केट प्रत्येक वेळी नवी घाला. जुनी गळाली तर वाफ टोकापर्यंत जाण्याआधीच तेलाच्या मार्गात शिरते आणि ज्योत धडधडायला लागते. कारण सापडत नाही, लोक हवा कमी-जास्त करत बसतात, आणि दोष त्या छोट्या चकतीत असतो.

बदल करताना आधी त्या बॉयलरचा भार दुसऱ्यांवर टाकून आग किमान पातळीवर, साधारण पाव भारावर आणतात. तेलाचा पंप सुरू करून तेल बर्नरच्या तोंडाजवळून परत टाकीत फिरवत ठेवतात. त्यामुळे नळीतली हवा निघते, गार तेल जातं आणि गाळणीवरचा दाबफरक कळतो. नंबर २ तेल म्हणजे आपलं डिझेल, ते तापवावं लागत नाही. काही जुन्या प्लांटमध्ये अजून नंबर ६ म्हणजे आपलं फर्नेस ऑइल असतं. ते टाकीत ५०-६० अंशांवर ठेवावं लागतं आणि बर्नरपाशी १०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं, नाहीतर फवारा होत नाही, धार पडते.

मग फवाऱ्याची वाफ, म्हणजे गनमध्ये तेलाचे बारीक थेंब करणारी वाफ. तिच्या नळीतलं कंडेन्सेट पूर्ण काढून टाका, ड्रेनमधून कोरडी वाफ यायला लागेपर्यंत थांबा. ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महागात पडणारी. नळीत साठलेलं पाणी गोळ्यासारखं गनमधून सुटलं की ज्योत विझते. वाफेचा दाब तेलापेक्षा किती वर ठेवायचा हे बर्नर बनवणाऱ्याच्या तक्त्यात असतं, बऱ्याच ठिकाणी तो दीड-दोन बार वर ठेवतात. खूप जास्त ठेवला तरी वाईट, तेल मागे ढकललं जातं आणि ज्योत टोकापासून सुटून नाचते.

हवा आधी वाढवायची, इंधन नंतर. थोडा वेळ दोन्ही इंधनं एकत्र जळणार असतात, म्हणून धुरातला ऑक्सिजन तात्पुरता सहा-सात टक्क्यांवर नेतात. मग तेलाचा व्हॉल्व्ह सुरुवातीच्या स्थितीत उघडतात, तेलाची ज्योत स्कॅनरवर (ज्योत आहे की नाही हे पाहणाऱ्या उपकरणावर) आणि डोळ्यांनीही दिसली की गॅस हळूहळू कमी करून बंद. गॅसचे दोन बंद व्हॉल्व्ह आणि त्यांच्यामधला उघडा व्हेंट, तिन्ही आपापल्या जागी गेल्याची खात्री करतात. शेवटी ऑक्सिजन खाली आणतात. गॅसवर दोन-तीन टक्के पुरतो, तेलाला तीन-चार टक्के लागतो. धुराड्यातून फिकट राखाडी छटा दिसली की हवा कमी पडतेय. पांढरा धूर दिसला तर हवा जास्त तरी आहे किंवा तेल न जळता वाफ होऊन जातंय.

सगळ्या बॉयलरना असा चालू बदल करता येत नाही. नियंत्रणप्रणाली त्यासाठी बनलेली नसेल तर बॉयलर बंद करून, पर्ज करून (भट्टीत साठलेला वायू हवेने बाहेर काढून), तेलावर नव्याने पेटवायचा. इंटरलॉकला, म्हणजे चुकीचा क्रम अडवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेला, जंपर लावून (तार जोडून तिला बगल देऊन) चालू बदल करणं हा अपघाताचा सरळ रस्ता आहे.

आता अतिशय गंभीर मुद्दा. तेल पेटवताना ठरलेल्या सेकंदांत, बहुधा दहा, ज्योत सिद्ध झाली नाही तर प्रणाली ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. तेवढ्या वेळात भट्टीत तेल पडलेलं असतं. गॅस हलका, पर्जमध्ये निघून जातो. तेल तळाला आणि गरम विटांवर बसतं, तिथे त्याची वाफ होत राहते. लगेच पुन्हा पेटवलं तर ती साठलेली वाफ एकदम पेटते आणि बॉयलरचा पत्रा फाटतो. अमेरिकेत बॉयलर ज्वलनाची एनएफपीए ८५ ही संहिता चालते. एका बर्नरच्या वॉटर ट्यूब बॉयलरसाठी तिच्यात पूर्ण भाराच्या किमान ७० टक्के हवेने भट्टी आणि धूरमार्गातली हवा आठ वेळा बदलेल इतका पर्ज सांगितला आहे. एकदा न पेटल्यावर पूर्ण पर्ज, मग खिडकीतून तळाला तेल दिसतंय का ते बघणं, मग कारण शोधणं आणि त्यानंतरच दुसरा प्रयत्न. शिफ्ट इन्चार्ज घाईत असला तरी तुम्ही या क्रमातली एकही पायरी सुटू देऊ नका.

स्कॅनर, हवा आणि चिमणीतलं पाणी

गॅसच्या ज्योतीला अतिनील किरण पाहणारा स्कॅनर चांगला. तेलावर मात्र ज्योतीच्या मुळाशी न जळलेल्या तेलाचं धुकं असतं, फवाऱ्याची वाफ असते, आणि ते अतिनील किरण शोषून घेतं. ज्योत छान जळत असूनही स्कॅनर तिला पाहत नाही आणि बॉयलर ट्रिप होतो. म्हणून तेलासाठी अवरक्त किरणांतली लुकलुक पाहणारा स्कॅनर लावतात, कारण नुसती लाल विटांची धग स्थिर असते, ज्योत लुकलुकते. 'गॅसवर कधी त्रास नाही, तेलावर गेलं की ट्रिप' अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी स्कॅनरचा प्रकार, त्याचा रोख आणि काच बघा.

तेलाची ज्योत पिवळी, तेजस्वी. तिची उष्णता भट्टीच्या भिंतींना किरणांनी जास्त मिळते. गॅसची ज्योत निळसर, फिकी, म्हणून तिची उष्णता पुढच्या नळ्यांपर्यंत जाते आणि सुपरहीटर (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्या) असेल तर वाफ जास्त तापते. इंधन बदललं की वाफेचं तापमान हलतं ते त्यामुळे. गॅसमध्ये हायड्रोजन जास्त असल्याने धुरात पाण्याची वाफ जास्त आणि तिच्याबरोबर उष्णताही जास्त जाते. त्याच बॉयलरची कार्यक्षमता एकूण उष्मांकावर मोजली तर तेलावर ती तीन-चार टक्क्यांनी जास्त दिसते. याचा अर्थ तेल स्वस्त असा नाही, मोजमापाचा हिशेब एवढाच.

नायट्रोजन ऑक्साइड कमी ठेवायला गॅसवर चिमणीकडचा धूर थोडा परत बर्नरमध्ये फिरवतात. तेलावर तो बराच कमी किंवा बंद करावा लागतो, नाहीतर ज्योत डळमळते. डँपरची, म्हणजे धुराच्या मार्गातल्या झडपेची, ही सेटिंग इंधनाप्रमाणे आपोआप बदलते का, हे चाचणीत स्वतः बघा.

टर्बाइनचं दुखणं वेगळं

टर्बाइनला गॅस खूप दाबाने लागतो, एलएम १६०० सारख्याला २८ बारच्या आसपास. लाइनमध्ये तेवढा दाब नसेल तर काही शे किलोवॅटचा गॅस कंप्रेसर लागतो. लाइनचा दाब उतरायला लागला की दाबाचा स्विच आपोआप तेलावर बदल सुरू करतो. स्विच फार खाली लावला तर बदल पूर्ण होण्याआधीच ज्योत विझते.

पण खरा घात तेलाच्या चेक व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, असतो. मशीन महिनोन्महिने गॅसवर चालतं. टर्बाइनच्या बंदिस्त खोलीतली उष्णता त्या व्हॉल्व्हमध्ये आणि नोझलच्या नळ्यांत अडकलेल्या तेलाला भाजत राहते. तेलाचा डांबरासारखा थर, मग कडक कोक. व्हॉल्व्ह उघडा अडकतो किंवा बंद अडकतो. सहा महिन्यांनी तेल सोडलं की काही नोझलना पुरेसं मिळतं, काहींना नाही. बाहेर पडणाऱ्या वायूच्या मार्गात गोलाकार बसवलेल्या, तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलमध्ये हे लगेच दिसतं: एखाद-दोन जागा गार, बाकी गरम. तो फरक मर्यादेपलीकडे गेला की मशीन ट्रिप होतं. म्हणून तेल बंद केल्यावर नळ्या हवेने पूर्ण रिकाम्या करणारी पर्ज प्रणाली नीट चालू ठेवायची. काही मशीनवर याच कारणाने पाण्याने थंड ठेवलेले चेक व्हॉल्व्ह बसवतात.

प्लांट पूर्ण काळोखात गेला तर गंमत उलटी होते. गॅस कंप्रेसरला मोठी वीज लागते, तेलाच्या पंपाला थोडी. म्हणून काळोखातून उठताना लहान डिझेल जनरेटरवर आधी वंगणतेलाचे पंप, मग तेलाचा पंप, मग टर्बाइन तेलावर, आणि वीज स्थिर झाल्यावर कंप्रेसर लावून गॅसवर, हा क्रम बऱ्याच ठिकाणी सोपा पडतो. तुमच्या प्लांटच्या लिखित पद्धतीत कोणता क्रम दिलाय ते बघून ठेवा.

टाकी

डिझेल टाकीत पडून राहिलं की दिवस-रात्रीच्या तापमानफरकाने टाकीच्या भिंतींवर दव धरतं आणि पाणी तळाला जातं. तेल आणि पाण्याच्या सीमेवर जिवाणू व बुरशी वाढतात, त्यांचा चिकट काळपट साका गाळण्या अडवतो. टाकीत नवीन तेल ओतताना तळ ढवळला जातो, म्हणून टँकर रिकामा झाल्यावर लगेच त्याच टाकीतून पंप लावू नका, काही तास बसू द्या. दर महिन्याला तळाचा नमुना काचेच्या बरणीत घ्या. स्वच्छ तेलातून मागची अक्षरं वाचता येतात. गढूळ असेल तर पाणी, तळाला तपकिरी लोळ असेल तर साका.

थंडीत मेण. नंबर २ तेलात उणे ७ ते उणे ९ अंशांच्या आसपास मेणाचे कण दिसायला लागतात. तेल वाहतं, पण बारीक गाळणी मेणाने बंद होते. उपाय म्हणजे नोव्हेंबरआधी हिवाळी मिश्रण मागवणं, केरोसिनसारखं हलकं नंबर १ तेल मिसळणं, उघड्यावरच्या नळ्यांना तापती तार आणि तेल सतत फिरतं ठेवणं. मिश्रण मेण धरायच्या आधी करायचं. एकदा मेण धरलं की ते नुसतं मिसळून विरघळत नाही, तेल तापवावं लागतं. जुलैत स्वस्त मिळालं म्हणून भरलेलं तेल हे जानेवारीत बंद पडण्याचं नेहमीचं कारण आहे.

अमेरिकेत आता बहुतेक कॅम्पसवर १५ पीपीएम गंधकाचं डिझेल वापरतात. जुन्या गंधकवाल्या तेलात इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेवर बॉयलरचं पाणी तापवणाऱ्या भागाच्या) गार टोकाला आम्ल साचून नळ्या खात असे, तो त्रास बराच कमी झाला. गळतीसाठी टाकीभोवती बांध असतोच. त्यातलं पावसाचं पाणी सोडण्याआधी त्यावर तवंग नाही हे बघून वहीत सही करायची असते, ते काम साहाय्यकाकडे येतं. मनापासून करा.

किती वेळ तेल जाळता येतं

इथे कायदा बारकाईने वाचावा लागतो. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांत गॅसवरचा बॉयलर म्हणून सवलत टिकवायची असेल तर तेल फक्त गॅस तोडला गेल्यावर, पुरवठा खंडित झाल्यावर, सुरुवात करताना आणि चाचणी, देखभाल किंवा प्रशिक्षणासाठी जाळता येतं. चाचणीचे एकूण तास वर्षाला ४८. नुसता गॅसचा बाजारभाव चढला म्हणून तेलावर जाणं यात बसत नाही. शिवाय राज्याच्या परवान्यात टर्बाइनसाठी वेगळी मर्यादा असू शकते. म्हणून तेलावर गेल्याची वेळ, परत आल्याची वेळ आणि कारण, तिन्ही मिनिटांसह लिहायचं, आणि गॅस कंपनीची नोटीस त्याच पानाला जोडायची.

हे ४८ तास पुरेसे आहेत, जर नीट वापरले तर. माझ्या मते दर महिन्याला पंप अर्धा तास फिरवावा. ऑक्टोबरच्या शेवटी प्रत्येक बॉयलर तेलावर पेटवून खऱ्या भारावर दोन-तीन तास चालवावा, आणि जानेवारीच्या मध्यात, खऱ्या थंडीत, आणखी एकदा. सप्टेंबरच्या उबेत पंधरा मिनिटं किमान आगीवर चालवलेली चाचणी फक्त कागद भरते. मेण, घट्ट झालेले डँपर, बारीक गाळणी, यातलं काहीच तेव्हा दिसत नाही.

कामाची सुरुवात करताना एवढं ध्यानात ठेवा की इथे बॉयलर चालवायचा परवाना राज्य देतं. न्यू जर्सीत ब्लॅक सील, ब्लू सील अशा पायऱ्या आहेत. भारतातलं प्रमाणपत्र थेट चालत नाही, त्यामुळे परवानाधारक ऑपरेटर सोबत असल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नका. पहिल्या आठवड्यात तेलाची नळी टाकीपासून गनपर्यंत पायी चाला आणि प्रत्येक व्हॉल्व्ह, गाळणी, ड्रेन वहीत उतरवा. नकाशावर न दाखवलेला एखादा तरी व्हॉल्व्ह सापडतोच.

आणि गॅसवर परत आल्यावर लगेच हे: गनमधलं तेल इग्नायटर (पेटवणारी लहान ज्योत) चालू असताना वाफेने भट्टीत फुंकून जाळायचं, गन काढायची, टोक गरम असतानाच साफ करायचं, गॅस्केट फेकून नवी जोडून ठेवायची, दोन्ही गाळण्या उघडून धुवायच्या, टर्बाइनचा हवेचा पर्ज पूर्ण झाल्याचं बघायचं, डिप घ्यायचा आणि जेवढं जळलं तेवढ्या तेलाची मागणी त्याच शिफ्टमध्ये नोंदवायची.